सशाचं दूध

संपादकांनी मला गाईम्हशींवर लिहायला सांगितलं होतं. त्यांचं काही चुकलं नाही. पशुसंवर्धन खात्यात माझी हयात गेली आणि ती गोठ्यांतच गेली. पण लिहायला बसलो की गाई मागे राहतात आणि ससे पुढे येतात. गाईंवर लिहिणारे पुष्कळ आहेत. सशाचं दूध मोजलेला माणूस मात्र आमच्या सातारा-सांगलीकडे माझ्याखेरीज मला अजून भेटलेला नाही.

गोष्ट महायुद्धाच्या काळातली. सांगलीहून माधवनगरला जाणाऱ्या रस्त्यालगत एका सूतव्यापाऱ्याची पत्र्याची लांब शेड होती. आज तिथे काहीच उरलेलं नाही. लढाई संपली, मऊ लोकरीचं गिऱ्हाईक आटलं आणि शेड मोडली. पण त्या शेडमध्ये मी पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा आमच्या अख्ख्या कोरेगाव तालुक्यात माझ्यासारखा सुखी माणूस नव्हता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही केलेली नव्हती. वडील अंगठा उठवायचे. गावच्या शाळेतले मास्तर वडिलांच्या मागे लागले, मला साताऱ्याच्या बोर्डिंगात स्वतः पोचवून आले, आणि तिथून मी पुण्याच्या शेतकी कॉलेजात गेलो. मास्तर नसते तर मी आज बैलामागे असतो. यात कमीपणा नाही, पण हा लेख लिहीत नसतो एवढं खरं.

नोकरी कसली, हे वडिलांना सांगायची वेळ आली तेव्हा मी जरा घोळवून सांगितलं. पशुपैदास, संकर, संशोधन असे शब्द वापरले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "म्हंजे सशेच ना?"

मी हो म्हटलं.

"पुण्याला जाऊन सशे राखाया शिकलास व्हय? त्ये तर आपल्या उसात बी हायती."

इथे वाचकांनाही एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती समजावता समजावता माझा निम्मा जन्म गेला. उसातला ससा वेगळा आणि पिंजऱ्यातला वेगळा. रानसशाचं पिल्लू जन्मतंच केसांसकट आणि उघड्या डोळ्यांनी. घटकाभरात उड्या मारायला तयार. पाळीव सशाचं पिल्लू उघडं, आंधळं, करंगळीएवढं. दोघांचा संबंध जुळत नाही. तरी आठवड्याला एखादा गडी पोत्यात रानससा घालून शेडवर यायचा आणि म्हणायचा, घ्या साहेब, तुमच्या बायांना रानचा दादला आणलाय, वाण सुधरंल. त्याला जीवशास्त्र सांगण्यापेक्षा चहा पाजून परत पाठवणं सोपं होतं.

आमच्या शेठजींना लोकर हवी होती. त्यांनी कुठून कुठून खटपट करून विलायती अंगोरा ससे आणवले होते. पांढरे शुभ्र, लाल डोळ्यांचे, कापूस पिंजून ठेवल्यासारखे. त्यांची लोकर इतकी मऊ की हातात घेतली तरी काही घेतलंय असं वाटत नाही. साहेबलोकांच्या हातमोज्यांना आणि गळपट्ट्यांना ती फार लागायची. पण हे ससे थंड मुलखातले आणि आमची सांगली कशी तापते ते सांगायला नको. आम्ही गोणपाटं भिजवून टांगायचो, पत्र्यावर पाचट पसरायचो. मोठे ससे त्यावर कसेबसे तगायचे. मरायची ती पिल्लं.

मी रुजू झालो तो पहिला उन्हाळा मला आठवू नये असं वाटतं. सकाळी खोकं उघडावं आणि आत थंडगार पिल्लं पडलेली असावीत. पोटं खपाटीला गेलेली. विण्याआधी सशाची मादी आपल्याच छातीचे केस उपटून पिल्लांना गादी करते. आमच्या पांढऱ्या माद्यांपैकी काहींना तेवढंही सुचत नव्हतं. उघड्या पाचटावर वितील आणि कोपऱ्यात जाऊन बसतील. दूध म्हणाल तर असून नसून सारखं. पिढ्यान् पिढ्या माणसानं त्यांची निवड फक्त लोकर बघून केली होती, आईपण बघून केलीच नव्हती. खाण तशी माती.

त्या वर्षांत मी एका जागी फारसा बसलो नाही. विश्रामबागेत खोली होती, सायकल होती. शेडमधून खोलीवर आलो की पुन्हा शेडकडे जावंसं वाटे. थोरला भाऊ पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या बाजूला आहे एवढंच कळलं होतं. गावाकडे पत्रीसरकारची धामधूम, रस्त्यावर पोलीस, घरी जायचं म्हटलं तरी दहा जणांना उत्तरं द्यावी लागत. भोवती सगळे काहीतरी करत होते, मरत होते, तुरुंगात जात होते, आणि मी सशांचे पिंजरे झाडून घेत होतो. मला वाटे, निदान हे एक काम तरी नीट व्हावं.

मिरजेकडच्या एका जुन्या बंगल्यात साधे करडे ससे होते. कुणा गोऱ्या बाईनं कधीकाळी आणलेले आणि मग आपोआप वाढलेले. आखूड केस, अंगानं धट्टेकट्टे, इथल्या उन्हाला मुरलेले. त्यांच्या माद्या पोतंभर पिल्लं वाढवत, असं तिथल्या माळ्यानं मला सांगितलं. मी तिथून एक नर आणला. नराला दूध नसतं, पण त्याच्या आईला होतं, आणि तेच आपल्याला हवं असतं. सोयरीक करताना मुलगी बघायला गेलेली माणसं तिच्या आईकडे आणि मावश्यांकडे बघून घेतात, तसाच हा प्रकार.

पांढऱ्या माद्यांना हा करडा नर दाखवला. झालेली सगळी पिल्लं करडी आणि आखूड केसांची निघाली. शेठजींनी त्यातलं एक उचलून उलटंपालटं करून बघितलं. मग म्हणाले, "लोकर कुठं गेली?"

मी सांगितलं की लोकर गेली नाही, आत दडली आहे. या करड्या पोरींना पुन्हा पांढरा नर दाखवला की निम्म्या नातवंडांत ती वर येईल, आणि त्यांतूनच लोकर आणि दूध दोन्ही असलेल्या माद्या निवडता येतील. फक्त आणखी एक पिढी लागेल.

"व्याज मुद्दलातून गेलं आणि म्हणे नातवंडांत येईल," शेठजी म्हणाले. पण माणूस सरळ होता. त्यांनी मला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुदत दिली. तोवर करड्या माद्यांच्या दुधात खरंच फरक दिसला तर त्या राहतील. नाहीतर सगळ्या करड्या लष्कराच्या छावणीला मटण पुरवणाऱ्या ठेकेदाराला.

म्हणजे आता दूध मोजणं आलं. कॉलेजातला माझा एक मित्र भेटला तेव्हा हसून लोळला. म्हणाला, लोक सशाची शिंगं शोधत जन्म घालवतात, तू दूध शोध. पण युक्ती सोपी आहे. सशाची मादी दिवसातून एकदाच पाजते, भल्या पहाटे, आणि तेही चहाचा कप संपेल एवढाच वेळ. म्हणून मादीला पिल्लांपासून वेगळं ठेवायचं. पहाटे पिल्लांची पाटी काट्यावर तोलायची, मादीला खोक्यात सोडायची, तिनं उडी मारून बाहेर पडायचं, आणि पाटी लगेच पुन्हा तोलायची. जे वाढलं ते दूध. लगेच म्हणजे अगदी लगेच, कारण पोट भरलं की पिल्लं मुततात आणि तुमचं गणित पाचटात जिरतं. काटा मी सांगलीतल्या एका सराफाकडून जुना विकत घेतला. कशाला हवाय, असं त्यानं विचारलं. खरं सांगितल्यावर त्यानं भाव केलाच नाही, लवकर जावं एवढीच त्याची इच्छा दिसली.

ही बातमी फुटली ती मात्र वेगळ्याच रूपात. एक दिवस फलटणकडचे एक निवृत्त सुभेदार, छातीवर पदकं लावून, हातात झाकणाची छोटी कासंडी घेऊन शेडच्या दारात उभे राहिले. नातवाला खोकला होता. सशाचं दूध लागू पडतं असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

मी म्हटलं, सुभेदारसाहेब, आम्ही दूध काढत नाही, फक्त मोजतो.

त्यांनी कासंडी खाली ठेवली. "काढत न्हाई, तर मोजता काय?"

मी पाटी आणि काटा दाखवला. त्यांनी सगळं ऐकलं, शेडभर फिरून पाहणी केल्यासारखे पिंजरे पाहिले आणि जाताना म्हणाले, "मोठी फौज हाय तुमची. पर रसद कमी पडती." आमच्या शेडचं इतकं अचूक वर्णन पुढे कुणी केलं नाही.

हे सगळं काम माझ्याबरोबर सरूआक्का करत असत. माधवनगरच्या कापडाच्या मागांवर काम करणाऱ्या कुटुंबातल्या, चाळिशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. पिंजरे झाडणं, लसूणघास कापणं, पहाटे माद्या पाजायला सोडणं हे त्यांचं काम. मी सायकलवरून पोचेपर्यंत त्या दिवे लावून तयार असायच्या. करड्या माद्या त्यांनी पिल्लापासून वाढवलेल्या, त्यामुळे त्यांना त्यांनी नावं दिली होती, आणि नावं सगळी आपल्या आळीतल्या बायकांची. गंगू, चंद्री, तायडी. एकदा म्हणाल्या, खरी चंद्री पण अशीच हाय, चालताना मागं बघत चालती. पांढऱ्यांतली सगळ्यात देखणी मादी शेठजींची लाडकी होती. तिला ते राणी म्हणत. सरूआक्का तिला राणीसाब म्हणायच्या, आणि ते कौतुक नव्हतं.

थंडीत पांढऱ्या आणि करड्या माद्या एकदम व्याल्या. मोजणी सुरू झाली. पहिले दोन-तीन दिवस करड्या माद्या स्पष्ट पुढे होत्या आणि मी हवेत होतो. राणीचा काटा जेमतेम हलायचा. मग हळूहळू चमत्कारिक होऊ लागलं. राणीचा काटा तसाच राहिला, पण तिची पिल्लं मरेनात. इतकंच नव्हे, तर बाळसं धरू लागली. उलट गंगूच्या खोक्यात सकाळी एखादं रोडकं पिल्लू दिसायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते रोडकं नसायचं. मी सगळ्या खोक्यांतली पिल्लं रोज मोजत होतो, आकडा बरोबर जुळत होता. दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या माद्यांची पिल्लं आणि करड्यांची पिल्लं वजनात जवळजवळ सारखी.

मला झोप येईना. दूध नसताना पिल्लं वाढतात कशी? माझा काटा चुकतोय का? मी तो काटा उलटसुलट तपासला. सराफाकडे नेला. त्यानं पाहून तो ठीक असल्याचं सांगितलं आणि पुन्हा मी लवकर जावं असं त्याला वाटलं. एखाद्या मादीचं दूध थोडं पण घट्ट असेल का? पिल्लं रात्री घास खायला शिकली का, डोळे नीट उघडायच्या आधी? संकराचा काही उपयोगच नाही, असं सरळ उत्तर समोर होतं आणि मी त्याच्याभोवती सायकल घेऊन फिरत होतो.

अशाच एका पहाटे अंथरुणात राहवेना म्हणून नेहमीपेक्षा बराच लवकर निघालो. शेडमध्ये दिवा होता, सरूआक्का दिसल्या नाहीत. मी राणीचं खोकं उघडलं. पांढऱ्या पिल्लांच्या मधोमध एक करडं पिल्लू झोपलं होतं.

वाचकहो, इथे जरा शिकलेल्या माणसाची गंमत पाहा. पांढरा नर आणि पांढरी मादी यांना करडं पिल्लू होऊच शकत नाही. मी तिथे उभा राहून कॉलेजातली सगळी व्याख्यानं आठवत होतो. दडलेला रंग असा वर येतो का? हे कुणाला कळवावं का? पुण्याच्या प्राध्यापकांना लिहावं असं मनात येतंय, तोच शेडच्या दुसऱ्या टोकाच्या खोक्यांकडून सरूआक्का आल्या. पदराचा झोळ केलेला, आणि त्या झोळात आणखी दोन पिल्लं.

त्या घाबरल्या नाहीत. त्यांनी ती पिल्लं आधी गंगूच्या खोक्यात नीट ठेवली, पदर झटकला, मग माझ्याकडे वळल्या.

मी विचारलं, "आक्का, हे किती दिवस चाललंय?"

"पयल्या आठवड्यापासनं." त्यांनी राणीच्या खोक्याकडे हात केला. "हिची लेकरं उपाशी. तिकडं गंगूला दूध उतू चाललंय. म्हणून हिची दोन तिकडं न्यायची, तिची दोन इकडं आणायची. दुसऱ्या दिशी पुन्ना बदलायची. तुमी मोजता म्हणून आकडा सारखा ठिवला."

पांढरी पिल्लं पांढऱ्यांशीच बदलायची एवढी काळजी त्या घेत होत्या, कारण करड्या माद्यांनाही निम्मी पिल्लं पांढरी होती. त्या पहाटे गंगूच्या खोक्यात पोट भरलेलं पांढरं पिल्लू उरलं नव्हतं, म्हणून दुसरं मिळेपर्यंत घटकाभर एक करडं इकडे आलं होतं. मी वेळेवर आलो असतो तर ते मला कधीच दिसलं नसतं.

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. कोणत्या मादीला दूध आहे आणि कोणत्या मादीला नाही हेच तर आपल्याला पाहायचं आहे. जिला नाही तिच्या पोरी पुढे ठेवायच्या नाहीत. सगळी पिल्लं सारखी वाढली तर कळणार कसं?

"म्हंजे कळावं म्हणून मरू द्यायची?"

मी काट्याचं पारडं पुसायला घेतलं.

"आमच्या आळीत बाळंतिणीला दूध नसलं तर शेजारीण येती आन पाजून जाती," त्या म्हणाल्या. "कुनी सांगाय लागत न्हाई. माझ्या थोरल्याला चंद्रीच्या सासूनं पाजलंय. तवा कुनी काटा लावला न्हाई, साहेब."

रागावलो असतो तर बरं झालं असतं. पण मला राग येत नव्हता, नुसतं इकडून तिकडे चालावंसं वाटत होतं. त्या शेडमध्ये चालायला जागा असते तरी किती. चाचणी वाया गेली होती हे खरं. मुदत संपत आली होती, नवी वीण उन्हाळ्याआधी होणार नव्हती, हेही खरं. आणि त्या बाईनं केलं त्यात मला चूक दाखवता येत नव्हती.

पुढच्याच दिवशी शेठजी आले. अंगात कोट, हातात काठी, बरोबर दिवाणजी. त्यांनी सगळी खोकी उघडून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. गेल्या वर्षीची ती मढी त्यांनीही पाहिली होती. या वर्षी सगळीकडे हलणारी, गुबगुबीत पिल्लं.

"शाबास," ते म्हणाले. "राणीची एवढी जगली? मग या आखूड केसांच्या कशाला पोसायच्या? पांढऱ्यांना नुसती निगा हवी होती, ती तुम्ही केलीत. दिवाणजी, ठेकेदाराला निरोप द्या. या करड्या उचलू दे."

माझ्या कामाचं कौतुक करून ते माझं काम मोडून टाकत होते. खरं सांगायला तोंड उघडलं, पण खरं सांगणं म्हणजे सरूआक्कांनी चाचणीत हात घातला हे सांगणं, आणि शेठजी त्यांना त्या क्षणी घरी पाठवतील हे मला दिसत होतं. मी आपला, तसं नाही शेठजी, त्यात थोडं असं आहे की, असं काहीतरी पुटपुटत राहिलो.

सरूआक्का कोपऱ्यात घास कापत होत्या. विळी बाजूला ठेवून त्या उठल्या.

"मालक, राणीसाबाला दूध न्हाई. तिची लेकरं गंगूनं आन चंद्रीनं वाढवलीत. मी नेऊन पाजत होते. साहेबास्नी ठावं नव्हतं."

दिवाणजी काहीतरी बोलायला लागले, शेठजींनी काठीनं त्यांना थांबवलं. ते माझ्याकडे वळले. मी म्हटलं, खरं आहे, आणि उद्या पहाटे या, काट्यावर दाखवतो.

ते आले, हे त्यांचं मोठेपण. पहाटेच्या थंडीत शाल पांघरून एका पेटीवर बसले. मी पाटी तोलून दाखवली, राणीला सोडलं. ती आत गेली, पिल्लं तिच्या पोटाशी धडपडली, ती बाहेर आली. काटा होता तिथेच राहिला म्हटलं तरी चालेल. मग तीच भुकेली पिल्लं, तीच पाटी, आणि गंगू. गंगूनं परकी पिल्लं हुंगलीसुद्धा नाहीत. ती बाहेर पडली तेव्हा पाटीचं पारडं असं खाली गेलं की शेठजी पेटीवरून उठून जवळ आले. पिल्लांची पोटं ताणून चकाकत होती, पातळ कातडीखाली पांढरं दूध दिसत होतं.

"आणखी एकदा," शेठजी म्हणाले. मी चंद्रीला सोडलं, दुसरी पाटी घेतली. पुन्हा तेच झालं.

मला वाटलं, जिंकलो. सरूआक्काही किंचित हसल्या होत्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

शेठजींनी शाल सारखी केली. व्यापारी माणूस, त्यांचा विचार आमच्या दोघांच्याही पुढे धावला होता. "ठेकेदाराला नको म्हणून सांगा," ते दिवाणजींना म्हणाले. "करड्या राहू देत. पांढऱ्या लोकरीला, करड्या दुधाला. दोघी एकदम व्यायला लावायच्या, आणि पांढऱ्यांची पिल्लं या करड्यांना लावायची. सगळी."

मी विचारलं, आणि करड्यांची स्वतःची?

"त्यांना लोकर कुठे आहे? ती काढून टाकायची."

मी जमेल तितकं सांगितलं. निम्म्यांत लोकर दडलेली नाही, वर आलेली आहे. यांच्याच पोरींतून लोकरीची आणि दुधाची मादी निघेल. असं केलं तर पांढऱ्या कधीच सुधारणार नाहीत, उलट दूध नसलेल्या आयांच्या पोरीही जगतील आणि खाण आणखी बिघडेल. आणखी एक पिढी द्या. शेठजींनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, तुमचं शास्त्र खरं असेल, पण लढाई किती वर्षं चालेल ते तुमचं शास्त्र सांगतं का? मला लोकर आज पाहिजे. शेवटी माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी एक सवलत दिली. प्रत्येक करडीला तिची दोन ठेवा. तुमच्या त्या नातवंडांसाठी. बाकीची नकोत.

त्या दोन पिल्लांतून मी माझं काम पुढे कसंबसं चालवलं. लढाई संपेपर्यंत लोकरीच्या दोन-चार बऱ्या आया निघाल्याही. पण माझ्या मनात राहिली आहे ती शेठजींच्या हुकुमानंतरची पहिली वीण.

गंगू आणि राणी एकाच दिवशी व्याल्या. गंगूनं छातीचे केस उपटून इतकी गादी केली होती की पिल्लं शोधावी लागली. शेठजींच्या मळ्यावरचा गडी झाकणाची पाटी घेऊन सकाळी दाराशी येऊन बसला होता. तो पिल्लं कुठे नेणार हे मी विचारलं नाही. गंगूची पिल्लं उघड्या पाटीत घेऊन मी सरूआक्कांपुढे ठेवली आणि म्हटलं, आक्का, कोणती दोन ठेवायची ते तुम्हीच काढा. तुमचा हात ओळखीचा आहे.

त्यांनी पाटीकडे पाहिलंही नाही.

"शेजारीण पाजती ती आपलं पाजून झाल्यावर पाजती, साहेब. आपलं मांडीवरनं टाकून न्हाई." मग डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाल्या, "तुमी शिकलाय निवडायला. तुमीच निवडा. मी न्हाई निवडनार."

आणि त्या बाहेर गेल्या. रस्त्यानं माधवनगरकडे जाताना मला खिडकीतून दिसल्या.

निवड हाच आमच्या विद्येचा पाया. चांगलं ठेवा, वाईट काढा, पिढी सुधारते. परीक्षेत मी यावर पानंच्या पानं लिहिली होती. ती पिल्लं इतकी लहान होती की कुणाला लोकर येणार आणि कुणाला नाही, कुणाला आईचं दूध उतरणार आणि कुणाला नाही, यातलं काहीच दिसत नव्हतं. कातडीचा रंग सोडला तर सगळी सारखी. सगळी उबेसाठी एकमेकांच्या खाली शिरायला बघत होती. मी दोन वेळा हात घातला आणि काढला. तिसऱ्यांदा डोळे मिटून बोटांना लागली ती दोन बाजूला ठेवली, आणि पाटी दाराबाहेर सरकवली. मग राणीची पिल्लं आणून त्या दोघांशेजारी ठेवली आणि वरून गंगूच्या केसांची गादी पसरली.

दुसऱ्या दिवशी सरूआक्का आल्या नाहीत. मी एकट्यानंच माद्या पाजायला सोडल्या. घाबरलेल्या मादीला कसं धरायचं हे मला पुस्तकातून ठाऊक होतं आणि चंद्रीनं माझा हात ओरबाडून काढला. त्यांच्या जागी दुसरी बाई पाहू, असं दिवाणजी म्हणाले. मी म्हटलं, थांबा.

त्याच्या दुसऱ्या पहाटे मी शेडपाशी सायकल लावली तेव्हा आत दिवा लागलेला होता. सरूआक्का गंगूला कडेवर घ्यावं तशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी खोक्याचं झाकण काढलं, आत पांढरी आणि करडी जी काय होती तिकडे एकदा पाहिलं आणि गंगूला अलगद आत सोडलं.

"शेठजींसाठी आले न्हाई," खोक्याकडे पाहतच त्या म्हणाल्या. "पहाटंचं पाजायला कुनीतरी लागतंय."

मी काटा पुढे ओढला. पिल्लांची पाटी आधी तोलायची राहून गेली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. गंगू पाजून बाहेर पडली. त्या दिवशी मोजणी केली नाही.